एका नॉबचा ट्यूब ॲम्प: आधी भिंतीतला बोर्ड बघा, मग गिटार लावा

ट्यूब ॲम्प, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या ऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, तो कसा लावायचा, कसा वाजवायचा हे गेल्या वर्षभरात सहा-सात पोरांना फोनवर सांगून झालं, दर वेळी काहीतरी सांगायचं राहतं आणि मग रात्री अकराला फोन येतो की दादा आवाजच येईना, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकायलोय. मी काही इंजिनिअर नाही बरं का. लातूरला राहतो, गिटार वाजवतो आणि पाच वर्षं झाली एक छोटा ॲम्प सांभाळतोय, त्याच्यापायी जेवढं डोकं फोडलं तेवढंच इथं आहे.

छोटा म्हणजे किती छोटा, तर ५ वॅटचा. १९५० च्या दशकातला अमेरिकन फेंडर कंपनीचा चॅम्प डोळ्यासमोर आणा, ८ इंची एक स्पीकर, मागून उघडी लाकडी पेटी आणि आत फक्त तीन व्हॉल्व्ह. पहिला १२एएक्स७, तो गिटारचा बारीक सिग्नल मोठा करतो. दुसरा ६व्ही६, तो स्पीकर हलवायची ताकद देतो. तिसरा ५वाय३, तो फक्त एसीचा डीसी करतो, त्याला रेक्टिफायर म्हणतात. समोर नॉब एकच, व्हॉल्यूम. इंग्लंडमधला व्हॉक्सचा एसी४ ह्याच जातीचा, पण त्यात पॉवरला ईएल८४ असतो. आज बाजारात जे व्हिंटेज स्टाईल म्हणून छोटे ॲम्प येतात ते बहुतेक ह्या दोघांपैकी कुणाचे तरी नातेवाईक. कुणी त्यात एक टोनचा नॉब वाढवलेला असतो, कुणी रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या जागी डायोड घातलेले असतात, बाकी सगळं तेच.

एक आधीच सांगतो, दुकानात जाऊन ट्यूब मागितली की माणूस ट्यूबलाईट काढून दाखवतो. व्हॉल्व्ह म्हणा. जुन्या रेडिओवाल्यांना हाच शब्द कळतो, आणि ईएल८४ म्हणलं की त्यांचे डोळे चमकतात कारण आज्ज्याच्या काळच्या मोठ्या लाकडी रेडिओत आउटपुटला बऱ्याचदा तोच असायचा. आमच्याकडं गंजगोलाईच्या एका गल्लीत असे एक चाचा आहेत, वय सत्तरच्या पुढं. त्यांनी माझा ॲम्प पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणले, हा तर रेडिओच आहे की, फक्त स्टेशन लावायचं काढून टाकलंय. खरंच तसं आहे.

आता कामाचं. ॲम्प घरी आला की पहिल्यांदा गिटार काढायची नाही. पहिल्यांदा ॲम्प पालथा करून मागच्या पट्टीवर व्होल्ट किती लिहिलेत ते वाचायचं. आपल्याकडं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेतून कुणाच्या तरी भाच्यानं आणलेला असेल तर १२० लिहिलेलं असतं, जपानचा असेल तर १००. हे न बघता प्लग बदलून सरळ भिंतीत घातला की खेळ खल्लास. माझ्या चुलतभावानं हेच केलं होतं, आणि त्यात आधीच्या मालकानं फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली, आपल्याकडं किटकॅट फ्यूजला करतात तशी. फ्यूज असता तर वीस-तीस रुपयात भागलं असतं. तार होती म्हणून पॉवर ट्रान्सफॉर्मर गेला, आणि तो वास खोलीत आठवडाभर होता. म्हणून फ्यूज कॅप हातानं फिरवून काढा, काचेचा फ्यूज आहे का बघा, त्यावरचा आकडा पट्टीवरच्या आकड्याशी जुळवा. टी अक्षर असेल तर तो हळू उडणारा फ्यूज, स्लो ब्लो म्हणतात, तोच घालायचा कारण चालू करताना क्षणभर करंट जास्त ओढला जातो. मोठ्या आकड्याचा कधीच घालायचा नाही.

१२० वाला असेल तर स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या, किमान १०० व्हीएचा, म्हणजे ॲम्प जेवढे वॅट ओढतो त्याच्या दुप्पट तरी. असा ॲम्प साधारण ४० वॅट ओढतो. ट्रान्सफॉर्मर हातात घेतला की जड लागला पाहिजे. प्रवासात हेअर ड्रायरला वापरतात ते मुठीएवढे हलके कन्व्हर्टर मिळतात, ते इथं अजिबात चालत नाहीत, त्यांच्यात ट्रान्सफॉर्मरच नसतो. आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेला ॲम्प आपल्या ५० वर जरा जास्त तापतो, त्याला मागं मोकळी हवा ठेवा.

आता ह्या सगळ्या लिहिण्यातलं खरं बोलायचं, भिंतीतला बोर्ड. आपल्या गावांत ट्यूब ॲम्पच्या ज्या तक्रारी असतात, गुणगुण येते, झटका बसतो, चरचरतंय, त्यातल्या बऱ्याच ॲम्पच्या नसतातच, बोर्डाच्या असतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. लोक व्हॉल्व्ह बदलतात, केबल बदलतात, एकानं तर गिटारचे पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडणारी कॉइल, बदलले, आणि दोष निघाला अर्थिंगच्या सुटलेल्या वायरीत.

माझंच सांगतो. एप्रिलचा महिना, फरशीवर अनवाणी बसून वाजवत होतो, नुकतंच घर पुसलेलं. तारांना हात लावला की झिणझिण्या. हात काढला की बंद. आधी वाटलं बसून बसून हात बधिर झाला असेल. मग हाताची मागची बाजू तारांवर हळूच फिरवली तर बारीक कंप लागतो, मखमलीवरून बोट फिरवल्यासारखा. ज्यांना हा कंप ओळखीचा आहे त्यांनी आजच वाजवणं थांबवा. गिटारच्या तारा केबलमधून ॲम्पच्या चेसिसला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात आणि चेसिस अर्थिंगला, म्हणजे अर्थिंग मेलेलं असेल तर घरातल्या फ्रिजची, कूलरची जी काही गळती असेल ती सगळी तुमच्या तारांवर येते.

वायरमनला बोलावलं. त्यानं मीटर काढला आणि तीन मापं घेतली, ती तुम्हीही लक्षात ठेवा. फेज आणि न्यूट्रलमधी २३० च्या आसपास पाहिजे. फेज आणि अर्थमधी पण जवळपास तेवढंच पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थमधी दोन-तीन व्होल्टच्या वर जायला नको. माझ्याकडं ते ३८ आलं. त्यानं बोर्ड उघडला, वायर ठीक होती. मग म्हणला, अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घातलंय का कधी?

आपली काळी माती पावसाळ्यात चिकटून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पाइपाला सोडून लांब जाते. कोळसा-मीठ टाकलेलं असलं तरी कोरडं पडलं की काही उपयोग नाही. म्हणून मी मीठ टाकलं आणि संध्याकाळी चार बादल्या पाणी ओतायला घेतलं. आमच्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं हे गाव, आणि मी भर एप्रिलमधी खड्ड्यात बादल्या रिकाम्या करायलोय. माय दारात येऊन उभी. म्हणली, प्यायला पाणी नाही अन् हे पोरगं खड्ड्याला पाजायलंय. काय सांगणार तिला. दुसऱ्या दिवशी मीटर लावला, ३८ चे ३ झाले, झिणझिण्या गायब, आणि ॲम्पची गुणगुण निम्म्याच्या वर खाली आली. तेव्हापासून मार्च ते जून दर पंधरा दिवसाला दोन बादल्या, धुण्याचं पाणी ओततो, आता माय काही म्हणत नाही.

ही मापं स्वतः घ्यायची सवय नसेल तर वायरमनकडूनच घ्या, त्यात कमीपणा नाही. सॉकेट समोरून बघितलं तर वरचं मोठं भोक अर्थ, उजवीकडं फेज, डावीकडं न्यूट्रल, भाड्याच्या खोल्यांत हे उलटंपालटं लई वेळा असतं. आणि गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडून पुन्हा सल्ला घेऊ नका. आत तीनशेच्या वर डीसी व्होल्ट आहेत, काही बिघडलं तर ते जायला रस्ता एकच उरतो, तो म्हणजे तुम्ही. खरा जुना ॲम्प असेल आणि त्याला दोनच पिनांची वायर असेल तर मेकॅनिककडून तीन पिनांची घालून घ्या, त्याशिवाय लावायचा नाही.

व्होल्टेजचं पण बघा. व्हॉल्व्हच्या आतली तापणारी तार, हीटर, ६.३ व्होल्टवर चालते (५वाय३ ची तेवढी ५ व्होल्टची असते). भिंतीत २३० च्या ऐवजी १९० येत असतील, आणि शेतातल्या मोटारी चालू असताना खेड्यात येतातच, तर हीटरला ५.२ च मिळतात, आवाज मेल्यासारखा येतो आणि व्हॉल्व्हचं आयुष्य पण कमी होतं. रात्री २६० झाले तर हीटर ७.१ वर जातो, ते तर अजून वाईट. टीव्हीला लावतात तो छोटा स्टॅबिलायझर पुरतो. मधूनच त्याचा रिले टक्क करतो ते रेकॉर्डिंगमधी येतं, तेवढं सहन करा.

जुना किंवा सेकंडहँड ॲम्प पहिल्यांदा चालू करताना सरळ भिंतीत घालू नका, मेकॅनिककडच्या सिरीज बोर्डावर घाला. मिक्सर-पंखे दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाकडं हा असतो, बल्ब आणि सॉकेट एकामागं एक जोडलेलं. ६० किंवा १०० वॅटचा तारवाला पिवळा बल्ब पाहिजे, एलईडी चालत नाही. ॲम्प चालू केला की बल्ब आधी जोरात पेटतो आणि मग लालसर होत मंद पडतो, असं झालं तर ठीक. पूर्ण उजेडानं पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद, आणि फक्त बल्ब जळत राहिल्यानं तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचलेला असतो.

चालू करायच्या आधी मागून दोन गोष्टी बघायच्या. कुरिअरच्या धक्क्यानं व्हॉल्व्ह सुटलेले असतात, ते सरळ खाली दाबून बसवा, तिरपं करून नाही. लहान नऊ पिनांचा असतो, त्याला एका बाजूला पिन नसलेली जागा असते ती सॉकेटशी जुळवा. मोठा आठ पिनांच्या सॉकेटचा असतो, मधी प्लॅस्टिकची दांडी आणि तिच्यावर उभी कड, ती सॉकेटच्या खाचेशी जुळली की आपोआप बसतो. जोर लावायला लागला म्हणजे तुम्ही चुकीचं बसवायलाव. काचेवरचं नाव-नंबर बोटानं पुसून जातं म्हणून तिथं धरू नका, नंतर कोणता कुठला ते कळत नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही चुकली तर माफी नाही: स्पीकर जोडलेला आहे का. ट्यूब ॲम्प स्पीकरशिवाय कधीच वाजवायचा नाही. ट्रान्झिस्टरवाल्याला स्पीकर नसला तर तो गप्प बसतो, ह्याचं तसं नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधी तयार झालेल्या ताकदीला जायला जागा मिळाली नाही की व्होल्टेज भयंकर चढतं आणि ट्रान्सफॉर्मर नाहीतर व्हॉल्व्हचं सॉकेट आतून जळतं. एका पोरानं शेजारी झोपलेत म्हणून स्पीकरची पिन काढून हेडफोन कुठं लागतो ते शोधलं होतं. बाहेरचा मोठा स्पीकर लावायचा असेल तर ओहम जुळवा, ८ च्या भोकाला ८ चा, ४ च्या भोकाला ४ चा. आणि त्याला वायर स्पीकरचीच, गिटारची केबल नाही, दोन्हीच्या पिना सारख्या दिसतात पण गिटारच्या केबलमधली तार बारीक असते.

आता चालू करा. व्हॉल्यूम शून्य, गिटारची केबल लावून ठेवा, बटण दाबा आणि हात बांधून बसा. छोट्या ॲम्पला स्टँडबाय स्विच (हीटर चालू ठेवून आवाज बंद ठेवणारा) बहुतेक नसतो, त्याची गरज पण नसते. वीस-तीस सेकंदांनी मागून बघितलं तर प्रत्येक व्हॉल्व्हच्या पोटात नारिंगी ठिपका दिसतो, देवघरातल्या समईची वात बारीक केल्यासारखा. पहिल्या दिवशी धूळ जळल्याचा वास येतो, ते चालतं. पॉवर व्हॉल्व्हच्या काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ते पण चालतं. पण आतली राखाडी पत्र्याची नळी स्वतःच लाल व्हायली असं दिसलं तर तिथल्या तिथं बंद करा, हे दुखणं मोठं. आणि व्हॉल्व्हच्या डोक्यावर जो चंदेरी आरशासारखा डाग असतो तो पांढरा खडूसारखा झाला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह गेला म्हणून समजा.

एक मिनिट झालं की व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. गुणगुण येते? थोडी येणारच, जुन्या पद्धतीचं सर्किट आहे. जास्त आली तर आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. गुणगुण गेली तर ती गिटारमधून येत होती, राहिली तर ॲम्पमधून किंवा बोर्डातून. गिटारमधून असेल तर खोलीतले गुन्हेगार शोधा. सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दोनवर असेल तर करवतीसारखा आवाज येतो, पाचवर नेला की कमी होतो. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून वाजवा म्हणणं पाप आहे, म्हणून पाचवर चालवा. मग स्वस्त एलईडी ट्यूब, मोबाइलचा चार्जर, वायफायचा डबा. सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे) पिकअप असतील तर खुर्चीवर बसल्या बसल्या सावकाश गोल फिरा, एका दिशेला तोंड केलं की गुणगुण पडते. माझ्या खोलीत ती दिशा नेमकी मोरीच्या दाराकडं आहे, तर मी मोरीकडं तोंड करून वाजवतो.

ॲम्प ठेवायचा कुठं? भिंतीला चिकटवून नाही, वीतभर तरी सोडून, मागची गरम हवा निघाली पाहिजे. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दुपारी वाजवूच नका, तुम्ही पण तापता आणि तो पण. जमिनीवर ठेवला तर सगळा आवाज पायांना ऐकू येतो आणि तुम्हाला वाटतं चमक कमी आहे, मग तुम्ही वाढवत जाता. खुर्चीवर ठेवा नाहीतर पुढच्या बाजूला अर्धी वीट देऊन तिरपा करा, स्पीकर कानाकडं बघितला पाहिजे. ८ इंची स्पीकर आहे, समोर बसलात तर चावतो, जरा बाजूला बसलात तर गोड.

आता वाजवायचं. इथं बहुतेकजण एकच चूक करतात: व्हॉल्यूम दोनवर ठेवतात आणि म्हणतात, आवाज बारीक आणि कोरडा आहे, पैसे वाया गेले. नॉब एकच आहे म्हणजे आवाजाचा मोठेपणा आणि आवाजाची जात दोन्ही त्याच एका नॉबवर आहे. तीन-चारपर्यंत स्वच्छ, तांब्याच्या भांड्यावर टिचकी मारल्यासारखा. पाच-सहाला कडा खरवडायला लागतात, हळू वाजवलं तर स्वच्छ आणि जोरात मारलं तर खरखर. आठच्या पुढं आवाज मोठा होतच नाही, फक्त जाड होत जातो, कारण ६व्ही६ कडं देण्यासारखं काही शिल्लक राहिलेलं नसतं. हंबकर (दोन कॉइलचे, जास्त जोराचे) पिकअप असतील तर हे सगळं एक-दोन आकडे आधीच होतं.

माझी पद्धत अशी की ॲम्प सहा-सातवर नेऊन ठेवायचा आणि त्याला पुन्हा हात लावायचा नाही. पुढचं सगळं गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर. गिटार पाचवर ठेवली की ॲम्प स्वच्छ, गाणाऱ्याच्या मागं कॉर्ड धरायला. सातवर जरा मीठ पडतं. दहावर सोलो. करंगळी नॉबवर ठेवून ओळीच्या मधीच फिरवायची सवय लागायला मला दोन महिने लागले, पण एकदा लागली की पायाखाली पेडल बघत बसायची गरज राहत नाही. गिटारचा व्हॉल्यूम खाली घेतला की आवाज जरा मंद, कांबळ टाकल्यासारखा होतो. त्यावर उपाय आहे, व्हॉल्यूमच्या नॉबखालच्या पॉटला छोटा कपॅसिटर लावतात, ट्रेबल ब्लीड म्हणतात, कुठलाही सोल्डरिंग करणारा लावून देईल. केबल पण तीन मीटरची ठेवा, दहा मीटरची केबल वरची चमक खाऊन टाकते.

दोन इनपुट असतील तर एक नंबरला पूर्ण सिग्नल जातो, दोन नंबरला साधारण निम्मा. दोन नंबर लोक विसरून जातात, पण हंबकर गिटार स्वच्छ वाजवायची असेल तर तोच कामाचा.

शेजाऱ्यांचं काय, हे सगळे विचारतात. ५ वॅट ऐकून फसू नका. दहापट वॅट झाले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे हा ५ वॅटचा डबा ५० वॅटवाल्याच्या निम्मा तरी वाजतो, दहावा हिस्सा नाही. स्लॅबच्या दहा बाय दहाच्या खोलीत सहावर ठेवला तर समोरच्या घरातल्या मालिकेचा डायलॉग त्यांना ऐकू जात नाही, आणि ट्युशनच्या पोरांच्या गावात हे परवडत नाही, आमच्या वरच्या मजल्यावर नीट परीक्षेची (डॉक्टरकीच्या प्रवेशाची) तयारी करणारी चार पोरं राहतात. मी संध्याकाळी सहा ते सात वाजवतो, तेव्हा ती क्लासला असतात. स्पीकरसमोर जाड गोधडी उभी टांगली तर वरचा कर्कशपणा कमी होतो. पेटीच्या मागं कापड कोंबू नका, गरम व्हॉल्व्ह तिथं आहेत.

पेडल लई लावू नका. एक ओव्हरड्राइव्ह (आवाजाला खरखर देणारं पेडल) पुरे, त्याचा गेन कमी आणि लेव्हल जास्त ठेवा, म्हणजे खरखर पेडलची न होता व्हॉल्व्हचीच होते. डिले-रिव्हर्ब (प्रतिध्वनी आणि घुमारा देणारी पेडलं) ॲम्पच्या तोंडाशीच लावावे लागतात, ह्यात मागं लूप (पेडल ॲम्पच्या मधी जोडायची भोकं) नसतो, आणि ॲम्प खरखरत असताना डिलेचा चिखल होतो, म्हणून मिक्स एकदम कमी.

गणपतीत मंडळाच्या स्टेजवर न्यायचा असेल तर साउंडवाल्याला आधी सांगून ठेवा की ॲम्पसमोर माइक लावायचाय. तो बहुतेक विचारतो की आउटपुट कुठंय, द्या मिक्सरला. स्पीकरचं आउटपुट मिक्सरमधी कधीच घालू देऊ नका, स्वतः वायर धरून उभे राहा. शुअर एसएम५७ किंवा तसला कुठलाही डायनॅमिक माइक जाळीपासून दोन बोटांवर धरायचा, स्पीकरच्या मधोमध तिखट आवाज मिळतो, कडेकडं सरकवत नेला की मऊ होत जातो, कानाला पटलं तिथं थांबा. ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या, दोन वेगवेगळ्या खांबांवरून घेतलं की घुंऽऽ होतंच. जनरेटरवर असेल तर आधी मीटरनं व्होल्ट बघा.

लाईट गेली की काय करायचं, हे आपल्याकडं रोजचंच. लाईट गेली की पहिलं काम ॲम्पचं बटण बंद. लाईट परत येते ती झटका देऊनच येते, तेव्हा ॲम्प चालू नको. आली की पाच मिनिटं थांबा, दोनदा जाऊन-येऊन स्थिर होऊ द्या, मग चालू. घरचा इन्व्हर्टर साइन वेव्हवाला असेल तर त्यावर चालतो. स्क्वेअर वेव्हवाला असेल तर ट्रान्सफॉर्मर भुंग्यासारखा घुमतो आणि तापतो, नका लावू.

व्हॉल्व्ह किती दिवस टिकतात? १२एएक्स७ वर्षानुवर्षं टिकतो. पॉवरचा व्हॉल्व्ह रोज तास-दोन तास वाजवलं तर दोन-चार वर्षांत मऊ पडतो, खर्जातली तार पिठात हात घातल्यासारखी लागते, जोर येत नाही. बदलणं सोपं, कारण असल्या एका पॉवर व्हॉल्व्हच्या ॲम्पचं बायसिंग (व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा ते ठरवणं) बहुतेक आपोआप होतं, जुना काढा, नवा लावा, झालं. मोठ्या ॲम्पला तसं चालत नाही. ६व्ही६ च्या जागी ६व्ही६ च, ईएल८४ च्या जागी ईएल८४ च, सॉकेटच वेगळे असतात. पहिल्या व्हॉल्व्हमधी मात्र खेळता येतं. १२एएक्स७ फार लवकर खरखरतोय असं वाटलं तर १२एवाय७ घालून बघा, त्याचा गेन निम्म्याहून कमी असतो, ॲम्प एकदम शहाण्यासारखा वागायला लागतो. वाजवताना ठण्ण किंवा शिट्टी यायली तर चालू ॲम्पवर पेन्सिलीच्या मागच्या रबरानं प्रत्येक व्हॉल्व्हला हळूच टिचकी मारा, जो स्पीकरमधून ओरडतो तो मायक्रोफोनिक झालेला, म्हणजे माइकसारखा प्रत्येक धक्का पकडणारा.

घरात एक १२एएक्स७, एक पॉवरचा आणि तीन फ्यूज शिल्लक ठेवा. नवे व्हॉल्व्ह स्लोव्हाकिया, रशिया, चीनचे येतात, ऑनलाईन मागवावे लागतात. पण जुन्या रेडिओवाल्याच्या दुकानात आधी विचारा, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं एके काळी भरपूर व्हॉल्व्ह बनवले, बीईएल लिहिलेली डबी माळ्यावरच्या पेटीतून निघते कधीकधी. चाचांनी मला असाच एक ईसीसी८३ काढून दिला, तो म्हणजे १२एएक्स७ च, युरोपातलं नाव. पाच वर्षं तोच चालू आहे.

नॉब फिरवताना चरचर आली तर बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्या, पण त्यासाठी चेसिस उघडावी लागते आणि ते तुम्ही करायचं नाही. वायर काढून ठेवली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमधी तीनशे व्होल्ट बराच वेळ टिकून राहतात. चाचा आधी रेझिस्टर लावून ते उतरवतात, मीटरनं शून्य झालं बघतात आणि मगच हात घालतात, तेही डावा हात खिशात ठेवून. साठ वर्षं काम केलेला माणूस डावा हात खिशात ठेवतो, हे मी डोळ्यानं बघितलंय.

वाजवून झालं की व्हॉल्यूम शून्य, बटण बंद, आणि दहा मिनिटं तो उचलायचा नाही, गरम असताना आतल्या तारा नाजूक असतात. थंड झाला की सुती कापडाचं कव्हर घाला, आमच्या मायनं जुन्या सोलापुरी चादरीचं शिवून दिलंय, प्लॅस्टिक नको, पावसाळ्यात आत दमट होतं. आठ-पंधरा दिवस वाजवला नाही तर चालू करायच्या आधी मागून टॉर्च मारून बघा. उंदीर वायर कुरतडतात, आणि पावसाळा-हिवाळ्यात पाल आत जाऊन ट्रान्सफॉर्मरवर बसते, तिला ती उबदार जागा आवडते. निघाली तर झाडू घालू नका, व्हॉल्व्ह फुटेल. प्लग काढून ठेवा, खोलीतला दिवा बंद करा आणि बाहेर जाऊन चहा घ्या, येईपर्यंत ती गेलेली असते.